संवाद की उलटतपासणी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या भागात ‘सर्वधर्म संवाद’ झाला. विद्यापीठात शिकणारी पाच-सहा मुस्लिम मुलंमुली आवर्जून आली होती. बाकी आम्ही दांडिया बाजारातली मंडळी, बहुतेक साठीपुढची. दीड तास चाललं काय, तर आम्ही विचारायचं आणि त्यांनी उत्तरं द्यायची. बुरखा, तलाक, अमुक देशात तमुक घडलं त्यावर तुमचं म्हणणं काय? भरूचहून एम.एस्सी.ला आलेल्या पोरानं जगभरच्या मुसलमानांचं वकीलपत्र घ्यायचं!

शेवटी एका मुलीनं गुजरातीत विचारलं, “काका, आम्ही एक विचारू? एकादशीला साबुदाणा चालतो, मग भात का नाही?” हशा पिकला, पण उत्तर कुणालाच येईना. जन्मभर संस्कृत शिकवलेला मीसुद्धा ‘प्रघात आहे’ म्हणून सुटलो. ती म्हणाली, “आमच्याकडेही पुष्कळ गोष्टींचं असंच असतं.” तेवढी दोन मिनिटं मात्र खरा संवाद झाला. पुढच्या वेळी निम्मे प्रश्न त्या मुलांचे असावेत, एवढी आयोजकांना विनंती.

बडोद्याला हे जड जाऊ नये. सयाजीराव महाराजांनी बडोदा कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी प्राध्यापक नेमला होता आणि १९३३ साली शिकागोच्या धर्म परिषदेत ते स्वतः बोलले होते. अर्थात महाराजांचा उल्लेख आम्ही जरा जास्तच करतो. पण त्यांच्याच नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ साली याच शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरात घेण्याचं टाळलं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले.

हे आठवायला कारण घडलं. चहाच्या वेळी भरूचच्या त्या मुलानं हळूच विचारलं, “काका, तुमच्या बाजूला कुठे खोली मिळेल? फोनवर हो म्हणतात, नाव सांगितलं की लगेच दुसरं गिऱ्हाईक निघतं.”

आमची माडीवरची खोली दिवाळीपासून रिकामी आहे. मी ‘बघतो, कळवतो’ म्हणालो. त्यानं नंबर दिला नाही, मीही मागितला नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
दांडिया बाजार, बडोदे