धडा वाचून झाल्यावर दहा मिनिटं काहीच करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला परीक्षेच्या अभ्यासावरचा लेख वाचला. झोप पूर्ण घ्या, लिहून सराव करा, हे सगळं पटलं. पण चौकटीत जे छापलंय ना, की ब्रेकमध्ये जरा मोबाईल बघून फ्रेश व्हा, तेवढ्यासाठी हे पत्र. मी वीस वर्षं शिकवतेय आणि माझं स्पष्ट मत आहे की नेमकं तिथंच शिकलेलं हातातून निसटतं.

हे काही आजचं खूळ नाही. 1900 साली म्युलर आणि पिल्झेकर या दोन जर्मन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अर्थ नसलेल्या अक्षरांची यादी पाठ करायला दिली होती. लगेच दुसरी यादी पुढं ठेवली तर पहिलीतलं 28 टक्केच आठवलं, आणि मधे सहा मिनिटं मोकळी सोडली तर जवळपास निम्मं आठवलं. यादी तीच, मेहनत तीच, फरक फक्त मधल्या सहा मिनिटांचा! आठवण डोक्यात गेली म्हणजे लगेच पक्की होत नाही, तिला मुरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात वरून नवीन काही ओतलं की आधीचं विस्कटतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला सगळ्यात जास्त हलवून गेला तो 2004 चा प्रयोग. मेंदूला इजा होऊन स्मरणशक्ती फार कमी झालेले सहा रुग्ण होते, त्यांना गोष्टी ऐकवल्या आणि नंतरचा तासभर एकदा दुसऱ्या चाचण्यांत घालवला, एकदा शांत अंधाऱ्या खोलीत. सहापैकी चौघांना फायदा झाला, आणि या चौघांची गोष्टीची आठवण 7 टक्क्यांवरून 79 वर गेली. ज्यांना नवीन काही लक्षात राहूच शकत नाही असं आपण धरून चालतो त्यांची ही गोष्ट आहे, मी तो आकडा दोनदा वाचला.

मग 2012 मध्ये मिकेला ड्युअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडधाकट ज्येष्ठांवर हेच करून बघितलं. एक गोष्ट ऐकल्यावर दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, दुसरी ऐकल्यावर दोन चित्रांतले फरक शोधायचा खेळ. सात दिवसांनी विचारलं तरी विश्रांतीआधी ऐकलेली गोष्टच जास्त आठवत होती. कुणी म्हणेल की ते मनातल्या मनात घोकत असतील, तर नंतर घोकताच येणार नाहीत असे शब्द घेऊनही त्यांनी बघितलं, फायदा तसाच राहिला. उंदरांच्या मेंदूतसुद्धा 2006 मध्ये दिसलंय की पळून झाल्यावर उंदीर जागाच पण थांबलेला असताना हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागात, तोच रस्ता उलट्या क्रमानं पुन्हा उमटतो, म्हणजे आपण नुसते बसलेलो असतो तेव्हा आतलं काम चालूच असतं.

तरुणांवरच्या काही प्रयोगांत फरक दिसला नाही हेही खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण यात पैसा लागत नाही, दहा मिनिटांनी नुकसान काहीच नाही, आणि मोबाईलमध्ये तर सेकंदासेकंदाला नवीन चेहरे, नवीन शब्द, नवीन चित्रं, ही विश्रांती कशी होईल? एक मात्र सांगायला हवं, त्या वेळात मुद्दाम उद्याचे बेत आखायचे नाहीत की जुन्या आठवणी उकरायच्या नाहीत, 2014 च्या एका प्रयोगात त्यानंही फायदा कमी झालेला दिसला. डोळे मिटून बसायचं, मन जाईल तिकडं जाऊ द्यायचं, बस.

आणि पालकांनो, मूल वाचून झाल्यावर असं शांत बसलेलं दिसलं की "नुसता काय बसलायस, पुस्तक घे" असं लगेच म्हणू नका. मी स्वतः वर्गात हे कितीदा तरी म्हटलंय आणि त्याचं मला आता खरंच वाईट वाटतं. आता मी तास संपायच्या पाच-सात मिनिटं आधीच थांबते, पुस्तकं बंद, फळा पुसत नाही, बोलत नाही. पण पुढचा तास लागूनच असतो, मधे श्वास घ्यायला जागा नाही, वेळापत्रक करणाऱ्यांनी याचा विचार करावा ही कळकळीची विनंती.

संपादक महोदय, पुढच्या पुरवणीत त्या चौकटीतली तेवढी एक ओळ बदलून छापता आली तर बघा, परीक्षेला अजून वेळ आहे.

आपली,
एक शिक्षिका