हेडलाइनमध्येच ‘उंदरांमध्ये’ असं लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

परवा मावशीने एका बातमीचा फोटो पाठवला, हेडलाइन होती कॅन्सर पूर्ण नाहीसा करणारं औषध, आणि उंदरांचा उल्लेख थेट चौथ्या परिच्छेदात. मावशीचा ब्रेस्ट कॅन्सर हाडांत पोचलाय. लगेच फोन, ‘कुठे मिळेल गं हे?’ मला बोलताच येईना.

अशा प्रयोगांत उंदरातला कॅन्सर कॅमेऱ्याने बघतात, मी काही वर्षं लॅबमध्ये हेच इमेजिंग करायचे म्हणून सांगते. कॅन्सरच्या पेशींमध्ये काजव्याचं ल्युसिफरेज जीन (ज्याच्यामुळे काजवा चमकतो) घालतात, त्या पेशी उंदराला टोचतात, मग फोटोच्या दिवशी ल्युसिफेरिनचं (उजेडासाठी लागणारं द्रव्य) इंजेक्शन द्यायचं, भूल द्यायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि अंधाऱ्या पेटीत खूप गार केलेल्या कॅमेऱ्याखाली ठेवायचं. जिथे त्या पेशी जिवंत तिथून उजेड येतो, इतका मंद की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, स्क्रीनवरचे लाल-निळे डाग कॉम्प्युटरने भरलेले असतात. पद्धत खरंच मोठी आहे. पूर्वी कॅन्सर कुठवर पसरला ते बघायला दर टप्प्याला काही उंदीर मारावे लागायचे, आता तोच उंदीर आठवड्यामागून आठवडे बघता येतो. 1995 मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर कॉन्टॅग आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदरातले साल्मोनेलाचे जंतू असेच उजेडाने दाखवले होते, कॅन्सरसाठी ही पद्धत नंतर वापरली गेली.

पण रक्तातलं हिमोग्लोबिन हा उजेड शोषून घेतं, त्यामुळे खोलवर थोड्याच पेशी उरल्या असतील तर कॅमेऱ्याला काहीच कळत नाही. स्क्रीन काळी झालेल्या उंदराची फुप्फुसं आम्ही मायक्रोस्कोपखाली बघायचो तेव्हा कधीकधी पेशी सापडायच्या, फार वाईट वाटायचं. शिवाय माणसाच्या पेशी टोचायला बऱ्याचदा जे बिनकेसांचे न्यूड माइस वापरतात त्यांना थायमस ग्रंथीच नसते, म्हणजे प्रतिकारशक्ती अर्धवट, आपल्यासारखी नाहीच. आणि माणसाच्या शरीरातून इतका मंद उजेड बाहेर येणारच नाही, पेशंटला पेट स्कॅनसारख्या तपासण्याच कराव्या लागतात.

म्हणून कळकळीची विनंती, ‘उंदरांमध्ये’ हा शब्द हेडलाइनमध्येच टाका आणि माणसांवर ट्रायल सुरू झालीये की नाही ते पहिल्या दोन ओळींत सांगा. मावशी चौथ्या परिच्छेदापर्यंत पोचलीच नव्हती.

आपली,
एक वाचक, पनवेल