वाटीतलं निळं पाणी

हॅनोव्हर, जर्मनी
गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय शमे,

आधी शिव्या देऊन घे. दिवाळीनंतर माझी एक ओळ नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली गुलाबाची फुलं तू जमेस धरत नाहीस हे ठाऊक आहे, धरूही नकोस. तब्येत ठीक. गुडघा होता तसाच, साखर आटोक्यात. झालं. आता मुद्द्याचं.

माझ्या हातून एक पाप झालंय आणि ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. मुलाला सांगितलं तर म्हणाला, "आई, कागदाचा तुकडा तर आहे." सूनबाईनं लगेच मोबाइलवर उपाय शोधले. दोघंही चांगली आहेत गं, पण त्यांनी कधी डायलमध्ये बोट घातलेलं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, ८८ वर्षांच्या. मी त्यांना मनात आजी म्हणते. मी स्वतः ६७ ची, हस. मी इथल्या दुरुस्ती कट्ट्यावर जाते हे त्यांना कळलं. महिन्यातून एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये लोक मोडक्या इस्त्र्या, टोस्टर घेऊन येतात आणि आमच्यासारखी रिकामटेकडी मंडळी ते उघडून बसतात. माझ्या टेबलावर 'टेलिफोन' अशी पाटी आहे. पेन्शनीत बढती! तर महिन्याभरापूर्वी आजी कापडी पिशवीत फोन घेऊन दारात उभ्या. काळा, जड, डब्ल्यू ४८.

शमे, तू हातात घ्यायला हवा होतास. बॅकेलाइटचा आहे, त्या जुन्या टणक प्लास्टिकचा. अंगठ्यानं जोरात घासलं की ऊब येते आणि दवाखान्यातल्या कार्बोलिकसारखा वास सुटतो. त्यावरून साधं प्लास्टिक लगेच वेगळं काढता येतं. रिसीव्हरची दोरी तपकिरी, कापडी विणीची. कट्ट्यावरच्या एका काकांनी लांबूनच जाहीर केलं, "सीमेन्स!" इथे काळा फोन दिसला की सगळ्यांना सीमेन्सच वाटतो. पण डब्ल्यू ४८ हा पोस्टखात्याचा नमुना, आणि तो बऱ्याच कारखान्यांनी बनवला. उलटा केला, पोटाच्या पत्र्यावरचा छाप पाहिला. कारखाना दुसराच, साल १९५४. डायल उघडली तर तिच्यावर ५६. रिसीव्हरच्या आत ६१. काका म्हणाले, मग हा जोडतोड केलेला, खोटा. मी म्हटलं, खोटा कसला, हाच खरा! लाइनमन घरी येतो, बिघडलेला भाग काढतो, पिशवीतला दुसरा लावतो आणि जातो. आपल्या टेलिफोन एक्स्चेंजमधला नाना मेकॅनिक दुसरं काय करायचा? सगळ्या भागांवर एकच साल सापडलं तर उलट मला शंका येते.

कट्ट्यावर काय काय येतं म्हणून सांगू! एकानं स्वीडनचा जुना एरिक्सन आणला. तक्रार काय, तर चुकीचे नंबर लागतात. डायल पाहिली आणि मी हसतच सुटले. शून्य १ च्या आधी! डायल परत फिरताना लाइनवर ठोके जातात ना, त्यांच्याकडे शून्याला एक ठोका, १ ला दोन, असं करत ९ ला दहा. फोन बिचारा धडधाकट, फक्त परक्या देशात अडकलेला. (माझ्यासारखा, असं तू म्हणणार. म्हण.) आणि एक फ्रेंच फोन आला होता, त्याच्या पाठीला ऐकायला जादा रिसीव्हर टांगलेला. फ्रान्समध्ये त्याला काय म्हणतात माहितेय? सासू. तुझ्या माहेरच्या फोनांच्या वेळी दाराआड कोण उभं असायचं ते आठवलं आणि मला एकटीलाच इतकं हसू आलं की त्या माणसाला वाटलं मी त्याच्या फोनला हसतेय.

बरं, आजींचा फोन. डायल आळसावलेली होती. शून्य सोडलं की सेकंदभरात घरी यायला हवं, दहा ठोके. हिला दोन सेकंद लागत होते. आत वंगणाचा गोंद झालेला. गव्हर्नरची ती इवलीशी वजनं असतात ना, फिरताना बाहेर फेकली जातात आणि कपाला घासून वेग धरून ठेवतात, ती हलतच नव्हती. स्पिरिटनं धुतली, घड्याळाचं तेल सुईच्या टोकानं दिलं, कपाला मात्र थेंबही लागू दिला नाही. घंटेच्या वाटेवरचा कपॅसिटर गळका होता, तो बदलला. बोलायच्या बाजूचा कोळसा दाणे धरून बसला होता, तो तळहातावर आपटला, आपण रात्रपाळीला आपटायचो तसाच. बोलायला लागला! मुलगा ड्रिलला पॉलिशपेपर लावून तयार होता, त्याला हाकलला. जुन्या बॅकेलाइटात कधीकधी अ‍ॅस्बेस्टॉस असतं, घासून धूळ उडवायची नसते. ओलं फडकं आणि धीर, बस्स.

आणि इथे माझी अक्कल गेली.

डायलच्या मधोमध, पारदर्शक चकतीखाली, घरचा नंबर लिहिलेली गोल चिठ्ठी होती. आजींच्या नवऱ्यानं लिहिलेली. पाच आकडे, निळी शाई. ते जाऊन अकरा वर्षं झाली, तो नंबर जाऊन त्याहून जास्त. मी बोटांची चकती सोडवली, मधली रिंग काढली आणि दोन्ही वाटीत कोमट साबणाच्या पाण्यात टाकून चहा करायला गेले. चिठ्ठी रिंगेला आतून चिकटली होती गं. मला वाटलं, काढून ठेवलीय. आले तर वाटीतलं पाणी निळसर. अगदी फिकं, धुण्याला नीळ घालताना पहिला थेंब पसरतो तेवढंच. इथे शाळेच्या पोरांना मुद्दाम धुतली जाणारी निळी शाई देतात, कपडे खराब होऊ नयेत म्हणून. बहुधा तीच होती. चिठ्ठी कोरी करकरीत निघाली.

मी ते पाणी तासभर ओतलं नाही. ओतून टाकायचा धीर होईना.

उघडण्याआधी फोटो काढायची नानांची शिकवण (तेव्हा फोटो नाही, चित्र) मी पाळते, म्हणून फोटो आहे. पण चकतीवर दिव्याची तिरीप आलीय. तीन आकडे स्वच्छ दिसतात. चौथा १ किंवा ७. जर्मन माणूस १ ला डोक्यापासून एवढा लांब फाटा काढतो की आपल्याला तो ७ वाटावा, आणि ७ ला पोटात आडवी रेघ मारतो. ती रेघ आहे की तिरीप, हेच कळत नाही. पाचवा नुसता गोळा, ६ किंवा शून्य.

हे कळायला सोपा मार्ग आहे, आजींना विचारायचं. पण विचारलं की कळलंच.

मी काल तीच शाई आणि पेन घेऊन आले. तीन गोल चिठ्ठ्या कापल्यात. वहीत त्यांच्या नवऱ्याचा १ गिरवून पाहिला, दोन पानं भरली. शमे, तू असतीस तर एका दमात उतरवला असतास. ट्रंक कॉल नोंदायच्या तिकिटांवर माझा चहा सांडला होता ती रात्र आठवते? २३ तिकिटं तू पुन्हा लिहिलीस, माझ्या अक्षरात, वेळांसकट, आणि सुपरवायझरबाईंची सही त्यांच्याहून बरी ठोकलीस. पी.पी. कॉलच्या, म्हणजे नाव सांगून बोलावलेल्या माणसांची नावंसुद्धा तुला पाठ होती. आणि मग टेक्निशियनच्या परीक्षेत मी पास झाले तेव्हा सगळ्या डॉर्मिटरीसमोर म्हणालीस, "ही माझ्या अक्षरावर वर चढली." दीड महिना मी तुझ्याशी बोलले नव्हते. मला अजून राग आहे, नोंद असू दे. पण त्या २३ तिकिटांत खोटं काहीच नव्हतं, कॉल खरेच झाले होते. मग ही चिठ्ठी लिहिली तर ती खोटी का वाटतेय? नंबर तर खराच असेल. चौथा आकडा बरोबर आला तर.

खरं सांगायचं तरी कुठल्या भाषेत? माझं जर्मन भाजीवाल्यापुरतं. 'एन्टशुल्डिगुंग', माफ करा, एवढं म्हणता येतं, पण ते इथे ट्राममध्ये धक्का लागला तरी म्हणतात. मुलाला दुभाषा नेलं तर तो "कागदाचा तुकडा" म्हणून मोकळा होईल.

तुला फोन केला असता तर तू म्हणाली असतीस, "लिही गं, कोण बघतंय." म्हणूनच फोन न करता पत्र लिहायला बसले.

मागच्या महिन्यात हिल्डेसहाइमला जाऊन आले, इथून रेल्वेनं अर्धा तास. युरोपातलं पहिलं सार्वजनिक स्वयंचलित एक्स्चेंज तिथे १९०८ साली सुरू झालं. म्हणजे आपल्या पोटावर पाय पडायला तिथूनच सुरुवात झाली म्हण. तुझ्या नावानं तिथे एक कॉफी प्यायले आणि परत आले.

निखिलचं ठरलं म्हणे! मुलगी काय करते, कुठली, सगळं लिही. मोतीबिंदूची तारीख मिळाली का? गच्ची गळायची थांबली का? भाऊजींना सांग, लग्नाला मी येतेय आणि पंगतीत त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या जिलब्या मोजणार आहे.

शनिवारी चारला आजींनी केकला बोलावलंय, फोन घेऊन. मधली जागा आत्ता तरी कोरीच आहे. पेन आणि चिठ्ठ्या पिशवीत टाकल्यात. पेन त्यांच्यापुढे ठेवावं आणि आकडे त्यांनाच लिहायला सांगावेत, असं आत्ता हे लिहिता लिहिता डोक्यात आलं. पण त्यांचा हात थरथरतो. आणि अक्षर त्यांचं होईल, नवऱ्याचं नाही.

या पत्राचे फोटो काढून उद्या सकाळी पाठवते, कागद मागाहून पोस्टानं येईल. रविवारी तुझ्या संध्याकाळी सातला फोन करीन, माझ्या करड्या फोनवरून. साठच्या दशकातला आहे, इथे त्याला करडा उंदीरच म्हणतात. आमच्या राउटरला अजून डायलचे ठोके कळतात. तुझा नंबर म्हणजे सुरुवातीची दोन शून्यं धरून १४ आकडे, आणि एक चुकला की पहिल्यापासून. तेव्हा सात म्हणजे सव्वासात धर, आणि तेवढ्यात देवळात जाऊ नकोस.

तुझीच,
मंदी