निघण्याच्या तयारीतले पक्षी

साकोली,
फाल्गुन शुद्ध द्वादशी

प्रिय सुलू,

तुझं पत्र मिळालं. 'पक्षी बघायचे तर डिसेंबर-जानेवारीत, फाल्गुनात कोण जातं?' असं विचारलंस. आपल्याकडे सगळे हेच म्हणतात. पक्षी येतात तेव्हा पेपरात फोटो छापून येतात, शाळांच्या सहली निघतात. ते जातात कधी, याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मला यंदा जाणारेच बघायचे होते. म्हणून भंडाऱ्याहून पक्षी बघणाऱ्यांची बस निघणार असं कळल्याबरोबर नाव देऊन टाकलं, आणि परवा रविवारी पहाटे साकोलीला त्या बसमध्ये चढले.

बसमध्ये कॉलेजची पोरं, दोन निवृत्त गुरुजी, लाखनीकडची एक नर्सताई आणि तिची आठवीतली मुलगी, शिवाय धानाचे दोन शेतकरी. ओळख कुणाचीच नव्हती, पण डब्यातल्या तिखट-मिठाच्या पुऱ्या फिरायला लागल्यावर ओळखीला कितीसा वेळ लागतो? कोहमाऱ्याला हायवे सोडून नवेगावबांधच्या रस्त्याला लागलो तेव्हा फटफटत होतं. मोहाखाली टोपल्या घेऊन बाया बसल्या होत्या. फुलं नुकतीच पडायला लागली आहेत.

थोडं पुढे गेल्यावर, पक्षी दाखवायला बरोबर आलेल्या आमच्या सरांनी बस थांबवायला लावली. बांध्यांच्या धुऱ्यावर पळस नुसता पेटला होता आणि त्यावर भोरड्यांचा थवा उतरलेला. एवढा कलकलाट, की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येईना. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. एक अगदी खालच्या फांदीवर होती, दुर्बिणीत तिचा डोळासुद्धा दिसत होता. फुलात चोच खुपसायची, मान बाहेर काढायची, आणि दर वेळी कपाळावर पिवळे परागकण थोडे जास्तच. यांना पळसमैना म्हणतात ते काही उगाच नाही. सर म्हणाले, भोरड्या पावसाळ्यातच आपल्याकडे येतात आणि एप्रिलपर्यंत निघून जातात. जातात कझाकस्तानकडच्या गवताळ मुलखात, कारण तिथे टोळ आणि नाकतोडे मिळतात. दगडांच्या कपारीत शेकडो जोड्या एकाच जागी घरटी करतात. म्हणजे इतक्या लांबच्या प्रवासाची शिदोरी आपला पळस आणि काटेसावर पुरवतात. आपल्या घरामागचा पळस सरपणासाठी तोडला तेव्हा आपण दोघी दिवसभर रडलो होतो, आठवतं? मला तिथे उभ्या उभ्या तेच आठवलं.

मग नवेगावचा बांध. कोलू पाटील कोहळी यांनी तो अठराव्या शतकात बांधला, हे आपण शाळेत घोकलंय. पण पाळीवर उभं राहून, तिन्ही बाजूंना डोंगर आणि समोर ते पाणी बघताना, बिनायंत्राच्या काळात एवढं काम उभं करणाऱ्या माणसांपुढे मान झुकते. पाणी बरंच आटलंय, काठाला चिखलाची रुंद पट्टी उघडी पडली आहे. मला वाटलं होतं की पाणी कमी म्हणजे पक्षी कमी. प्रत्यक्षात त्या चिखलातच सगळी गर्दी! तुतारी, टिलवे, लांब चोचीचे पाणटिवळे. चिखल उघडा पडतो तेव्हाच त्यातल्या अळ्या आणि किडे यांच्या चोचीला लागतात. पाणटिवळ्यांच्या नरांची मान विटकरी व्हायला लागली होती. थंडीत हेच पक्षी राखाडी दिसतात. पिवळ्या धोब्यांचंही तसंच, डोकी कशी उजळली होती! विणीच्या गावी पोचायच्या आधी इथेच सगळे नटून घेतात.

बदकांची गोष्ट तर मी घरी आल्यापासून भेटेल त्याला सांगते आहे. तलवार बदकांची जोडी जमते ती हिवाळ्यात, इथे परमुलखात. आणि परत जाताना मादी आपल्या जन्मगावाकडे जाते, नर तिच्या मागोमाग. म्हणजे वरात निघते ती नवरीच्या माहेराला! एक मादी पाण्यात डोकं खाली, शेपूट वर करून चरत होती आणि तिच्याभोवती तीन नर माना ताठ करून फेऱ्या घालत होते. नर्सताईंची मुलगी हसून हसून खाली बसली.

आणि सुलू, पट्टकादंब! पलीकडच्या काठाला गवतावर त्यांचा थवा होता. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, नारिंगी पाय. हे हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडे जातात. वाऱ्यावर तरंगत नाहीत, पूर्ण वाटभर पंख मारत जातात. यांच्या पाठीवर यंत्रं बसवून संशोधकांनी उंची मोजली, तेव्हा एकाची नोंद ७,२९० मीटरची आली. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच असं आहे की विरळ हवेतला प्राणवायूही धरून ठेवतं. शिवाय ते बहुतेक वेळा रात्री नाहीतर पहाटे डोंगर चढतात. तेव्हा हवा थंड आणि दाट असते, पंखांना आधार मिळतो. कळसूबाई १,६४६ मीटर. त्याच्या चौपटीहून जास्त उंचीवरून हा पक्षी उडतो, आणि परवा तो नवेगावच्या काठावर गवत खात होता.

तेव्हाच बसमधली दोन पोरं मोबाईल घेऊन काठाकाठानं पुढे निघाली. सरांनी त्यांना परत बोलावलं, आवाज न चढवता. आधी थव्याकडे बघायला सांगितलं. सगळ्या माना वर आल्या होत्या, चरणं थांबलं होतं, आणि दोनचार पक्षी पाण्याच्या दिशेनं चालायलाही लागले होते. दिवस मोठा व्हायला लागला की या पक्ष्यांच्या अंगात निघायची घाई शिरते. ते दिवसरात्र खातात, कातडीखाली चरबी साठवतात. तीच पुढच्या वाटेची पुंजी. आपण एकदा उडवलं की त्यातली थोडी खर्ची पडते, आणि भरून काढायला त्यांच्या हाती दिवस उरलेले नसतात. पोरांनी मोबाईल खिशात ठेवले. दहाएक मिनिटांनी माना पुन्हा गवतात गेल्या. सगळ्या दिवसात मला सर्वांत आवडलं ते हे.

पाळीवर जाळं सांधत बसलेले एक ढिवर बाबा हे बघत होते. मी विचारलं, हे कधी जाणार? म्हणाले, "आता चार-आठ दिवसाचे सोबती आहेत जी. खाणं पाहा ना त्यायचं. पोट भरलं का चालले, मागं पाहत नाई." तिथेच बसून त्यांनी बेशरमाचं सांगितलं. ती झुडपं तलावात शिरली की देवधान, म्हणजे रानभात, जातं, कमळ जातं, मासोळीला अंडी घालायला जागा राहत नाही, आणि बदकं उतरत नाहीत. काही गावांत ढिवर बायांनी कंबरभर पाण्यात उतरून बेशरम उपटली आणि पाणवनस्पती पुन्हा लावल्या. हे मी ऐकून होते, पण बाबांच्या तोंडून ऐकताना त्यातले कष्ट डोळ्यांसमोर आले.

दुपारनंतर गोंदियाकडे, परसवाड्याच्या तलावावर गेलो. तिथे सारसाची एक जोडी दिसली. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच. तो कुठे जात नाही, पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटं करतो. बसमधल्या एका शेतकऱ्यानं सांगितलं, त्याच्या गावात घरट्याभोवतीचा धान शेवटपर्यंत तसाच उभा ठेवतात. फार सहज सांगितलं त्यानं, आणि मला तो माणूस फार मोठा वाटला.

परत येताना अंधार पडला, बसमध्ये निम्मे झोपले. मी मात्र आपल्या गावच्या मामा तलावाचाच, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचाच, विचार करत होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि बऱ्याच ठिकाणी गाळ कुणी काढायचा हाच प्रश्न उरला. नवेगावचं नाव आहे, तिथे बस जाते. पण एवढे पक्षी एका नवेगावात मावत नाहीत. ते उतरतात अशाच बिननावाच्या तलावांवर. आणि फाल्गुन-चैत्रात, त्यांना सर्वांत जास्त खायला हवं असतं तेव्हाच, उन्हाळी धानासाठी आपण मोटारी लावून उरलंसुरलं पाणी उपसतो. धान नको असं मी म्हणत नाही, माझंही घर त्यावरच चालतं. पण तळाचं कंबरभर पाणी चैत्र संपेपर्यंत राहिलं तर मासोळीही जगेल, गुरांना पाणी मिळेल आणि या पाहुण्यांचं पोट भरेल.

तुझा दादा ग्रामपंचायतीत आहे म्हणून तुला एवढं सविस्तर लिहिलं. त्याच्याशी बोल. या वर्षी एवढंच मागायचं: पाणी कुठपर्यंत उपसायचं ती खूण ग्रामसभेत ठरवून पाळीजवळच्या दगडावर रंगानं काढायची, आणि पाऊस लागायच्या आधी उत्तरेकडची बेशरम काढायची. ढिवर वस्तीतल्या बायांशी मी बोलले आहे, त्या तयार आहेत. मजुरी मात्र मिळाली पाहिजे, ती फुकट करून घ्यायची गोष्ट नाही. दादा हो म्हणाला तर मी गुढीपाडव्याला गावी येते, तूही पुण्याहून ये. दुर्बीण माझ्याकडे आहे. भोरड्या तेव्हाही असतील, थोडीफार बदकंही सापडतील.

काकूंना नमस्कार, छकुलीला पापा. दादा काय म्हणतो ते लगेच कळव, पत्राची वाट बघू नको, फोनच कर.

तुझी,
मंदा