झिंगा-गोबीच्या जोडीला प्रवाळ लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरगुती सागरी मत्स्यालयांविषयीचा लेख वाचला. 'खारे पाणी' म्हटले की ज्या शहरात लोकांना बोअरवेल आठवते, त्या नागपुरात या छंदाची दखल घेतली गेली याचे समाधान वाटले. तथापि पिस्टल झिंगा आणि गोबी मासा यांच्या सहजीवनाविषयी लेखात आलेली दोन विधाने दुरुस्त होणे आवश्यक आहे. धरमपेठेतील माझ्या घरी गेली चार वर्षे 120 लिटरच्या टाकीत टायगर पिस्टल झिंगा व पिवळी वॉचमन गोबी अशी जोडी आहे, म्हणून हे लिहितो.

'या जोडीसाठी टाकीत जिवंत प्रवाळ हवेतच,' असे लेखात म्हटले आहे. वस्तुतः हे दोघे प्रवाळावर राहतच नाहीत. ते राहतात प्रवाळभिंतीच्या पायथ्याशी असलेल्या वाळूत आणि मोडक्या शंखशिंपल्यांच्या पसाऱ्यात. बीळ खणण्याचे सारे काम झिंग्याचे. दोन्ही नांग्या पुढे जोडून तो रेतीचा ढीग सुपाने लोटावा तसा बाहेर लोटतो, आणि शिंपल्याचा एखादा चपटा तुकडा सापडला की तो बिळाच्या तोंडाशी चौकटीसारखा बसवतो. त्याची नजर मात्र फार अधू असते. म्हणून बाहेर येताना त्याची एक लांब मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते, आणि गोबी बिळाच्या तोंडाशी राखण करीत असते. आमच्याकडे कोणी टाकीजवळून गेले की गोबीची शेपटी किंचित थरथरते आणि रेती घेऊन निघालेला झिंगा ओझ्यासह जागीच थबकतो. धोका जवळचा वाटला तर गोबी स्वतःच डोक्याकडून बिळात शिरते, पण त्याआधी झिंगा आत गेलेला असतो. माझी पाच वर्षांची नात हे पाहण्यासाठी श्वास रोखून बसते, ही गोष्ट शेजाऱ्यांना अजून खरी वाटत नाही. यात प्रवाळाचा संबंध कुठे येतो?

शिवाय प्रश्न कायद्याचाही आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली भित्तिका बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) यांचा समावेश करण्यात आला. आपल्या समुद्रातून ते काढणे वा विकणे गुन्हा आहे. लेखासोबतच्या छायाचित्रातील समुद्रघोडाही त्याच वर्षी त्या अनुसूचीत आला. अशा लेखात याचा साधा उल्लेखही नसावा, हे मला गंभीर वाटते. टाकीत सिरॅमिकचे कृत्रिम खडक ठेवले तरी या जोडीचे काहीही अडत नाही.

दुसरे विधान, 'या झिंग्याच्या नांगीच्या ठोक्याने टाकीची काच फुटते', हे. येथे लेखकाची मॅन्टिस झिंगा या दुसऱ्याच समुद्री प्राण्याशी गल्लत झालेली दिसते. काच तडकवण्याची ख्याती त्याची आहे. पिस्टल झिंगा आपली मोठी नांगी इतक्या वेगाने मिटतो की पाण्याची धार सुटून तिच्यात पोकळीचा बुडबुडा तयार होतो, आणि आवाज होतो तो हा बुडबुडा कोसळण्याचा, नांगीची दोन टोके आपटण्याचा नव्हे, हे नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी 2000 साली वेगवान चित्रीकरणातून दाखवून दिले. अर्थात आवाज खराच दचकवणारा आहे. पहिल्या रात्री 'टक्' असा आवाज ऐकून मीही टॉर्च घेऊन काचेवर तडा शोधत बसलो होतो.

खरे नुकसान दुसऱ्याच प्रकारे होते आणि ते मी करून घेतले आहे. आधी रेती पसरून तिच्यावर मी खडक रचले. तिसऱ्या आठवड्यात झिंग्याने त्याखालून बोगदा काढला आणि पहाटे सारी रचना ढासळली. गोबी वाचली हे नशीबच. खडक आधी टाकीच्या तळाशी थेट पक्के बसवावेत आणि मग सात-आठ सेंटिमीटर रेती, शिंपल्यांचे जाडेभरडे तुकडे मिसळून, भरावी. नुसत्या बारीक रेतीत बीळ टिकत नाही. गोबी उडी मारते, म्हणून टाकीवर जाळी हवी. माशांच्या रोगावर तांबेयुक्त औषध याच टाकीत घातले, तर मासा बरा होईल पण झिंगा जाईल.

आता लेखात अजिबात न आलेली बाब, नागपूरचा उन्हाळा. या प्राण्यांना साधारण 25-26 अंश पाणी मानवते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. टाकीवर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते खरे, परंतु त्यासाठी हवा कोरडी लागते. आपण खोलीत कूलर लावतो, हवा दमट होते आणि पंखा निरुपयोगी ठरतो. पहिल्या वर्षी कूलर भरभरून चालवूनही टाकी 31 अंशांवर का अडकली, हे मला कितीतरी दिवस उमगले नाही. शेवटी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घ्यावे लागले. प्रवाळ नसल्याने प्रखर दिवे लागत नाहीत, तेवढी उष्णता तरी टळते. आटलेल्या पाण्याच्या जागी आर.ओ.चे गोडे पाणीच घालावे, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप आणि बर्फ केलेली झाकणबंद बाटली पाण्यात सोडणे, एवढे उपाय हाताशी असावेत.

ही जोडी बहुतेक वेळा समुद्रातून पकडूनच येते, म्हणून टाकी चार ते सहा आठवडे मुरल्याखेरीज, म्हणजे पाणी प्राण्यांना राहण्याजोगे स्थिरावल्याखेरीज, आणि उन्हाळ्यात तर मुळीच, ती आणू नये. शहरातील एका दुकानदाराने मला एकाच पिशवीत झिंगा व मासा घालून 'जोडी' म्हणून विकली होती; त्या माशाने महिनाभर बिळाकडे ढुंकूनही पाहिले नाही, कारण तो गोबी नव्हताच.

लेख वाचून आमच्या गल्लीतील एक तरुण त्याच आठवड्यात प्रवाळाची चौकशी करून आला. आपण कायद्याविषयीचा खुलासा पुरवणीच्या पुढील अंकात, शक्यतो त्याच पानावर, प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक
धरमपेठ, नागपूर