विंडसरला अख्खा दिवस द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेश सहलींवरच्या आपल्या लेखात लंडनजवळचं विंडसर हे स्टोनहेंज आणि बाथ यांच्यासोबत एकाच दिवसात उरकायला सुचवलं आहे. हे मला अजिबात पटलं नाही. अनेक ट्रॅव्हल कंपन्याही हेच करतात. बसमधून उतरायचं, दीड तासात किल्ला 'करायचा' आणि पुन्हा बस गाठायची. विजेत्या विल्यमने अकराव्या शतकात बांधायला घेतलेला आणि आजही राजाचं घर असलेला किल्ला असा बघायचा?

आधी वार बघा. मंगळवारी आणि बुधवारी किल्ला एरवी पर्यटकांना बंद असतो. लेखात त्याचा उल्लेखच नाही! रविवारी किल्ला उघडा, पण प्रार्थनांमुळे आतलं सेंट जॉर्ज चॅपल हे प्रार्थनाघर पाहता येत नाही. राणी एलिझाबेथ यांना २०२२ मध्ये तिथेच दफन केलं. आठवा हेन्रीही तिथेच आहे. राजघराण्याचे कार्यक्रम असले की इतर दिवशीही दरवाजे बंद होतात, म्हणून तारीख अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच ठरवावी. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून थेट गाडी साधारण तासाभरात पोचवते. पॅडिंग्टनहून निघालात तर स्लाऊला गाडी बदलावी लागते.

आणि आत गेल्यावर आपल्या माणसाने घाई करूच नये. वॉटर्लू चेंबर या दालनासाठीचा अवाढव्य गालिचा आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त. पुढे एका कपाटात टिपू सुलतानाच्या सिंहासनावरचं वाघाचं मुंडकं आहे. लाकडावर सोन्याचा पत्रा, डोळे आणि दात स्फटिकाचे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ते सिंहासन तोडून त्याचे तुकडे वाटून घेतले गेले, त्यातलं हे. ऑडिओ गाइडच्या ओघात लोक त्याच्यासमोरून सरळ पुढे जातात, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या इतिहासाचा तुकडा तिथे असताना मराठी लेखात त्याला एक ओळही मिळू नये?

मुलं बरोबर असतील तर राणी मेरीचं बाहुलीघर चुकवू नका. नवी दिल्ली उभारणाऱ्या लट्यन्सनेच ते आखलं. इवल्याशा नळांना खरंखुरं पाणी येतं. दुपारनंतर पाय चालत असतील तर लाँग वॉकवर जावं. झाडांच्या दुतर्फा रांगांमधली ही सरळसोट वाट चार किलोमीटरहून थोडी लांब आहे. नाहीतर थेम्सवरचा पूल ओलांडला की समोर प्रसिद्ध शाळेचं गाव ईटन.

मुलांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी आणखी एक. किल्ल्याच्या संकेतस्थळावरून थेट काढलेलं तिकीट बाहेर पडण्याआधी वर्षभराच्या पासमध्ये बदलून घेता येतं. इतर ठिकाणी काढलेल्या तिकिटावर ही सोय नाही. पुढच्या लेखात बंदचे वार आणि ही माहिती चौकटीत जरूर छापावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक