सहा चिंचोके

वडोदरा, 3 फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

रोज फोनवर बोलत असताना पत्र कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. पण फोनवर बाबा "तब्येत उत्तम" एवढेच म्हणून दोन मिनिटांत फोन आईच्या हाती देतात, आई मला जेवलीस का असे विचारते, आणि जे बोलायचे असते ते राहून जाते. शिवाय जे सांगायचे आहे ते अर्ध्यावर कुणी तोडू नये, अशीही इच्छा आहे. म्हणून पत्र. दोघांनी मिळून वाचावे, आणि बाबांनी मधेच चष्मा काढून ठेवू नये.

आधी मुद्द्याचे सांगते. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपला क्रिकेट क्लब महूजवळच्या जाम गेटचा घाट उतरून नेहमीच्या गावी सामना खेळायला जाईल, तेव्हा बाबा पंच म्हणून मैदानावर उभे राहणार नाहीत. कर्णधाराशी माझे तसे बोलणे झालेले आहे. तुम्हाला विचारण्याआधी त्याच्याशी बोलले ही माझी चूक आहे आणि ती मी मान्य करते. पण तुम्हाला आधी विचारले असते तर तुम्ही त्याला फोन करून "पोरीचे बोलणे मनावर घेऊ नकोस" असे सांगितले असते, आणि तो तुमच्याच हाताखाली तयार झालेला असल्यामुळे त्याने ते खरोखरच मनावर घेतले नसते.

पंच नाही म्हणजे दौरा नाही, असा अर्थ मात्र कृपा करून काढू नका. तुम्ही येणार आहात, आईही येणार आहे, आणि मीसुद्धा येणार आहे. मी रजा टाकली असून शुक्रवारी दुपारी दाहोद-झाबुआच्या रस्त्याने गाडी घेऊन निघेन आणि रात्री जेवायला घरी असेन. रविवारी स्कोअरबुक मी लिहीन आणि तुम्ही माझ्या शेजारी कडुनिंबाच्या सावलीत बसाल. ती खुर्ची पाठीची आणि हातांची असेल, गेल्या वर्षीसारखा शाळेतला बाक नसेल. यजमानांना मी स्वतः फोन करून खुर्चीचे सांगितले आहे. त्यांच्या नव्या घरात कमोड बसवलेला आहे, हेही विचारून घेतले आहे, त्यामुळे आईच्या गुडघ्यांची त्या बाबतीत काळजी नाही. आपण तिघे क्लबच्या बसने पहाटे साडेपाचला निघणार नाही. आपल्या गाडीने सातला, चहा-नाश्ता करून निघू. घाटातल्या वळणांवर आईला मळमळते, म्हणून पुढची जागा तिची.

आता कारण. गेल्या वर्षी दुपारच्या पाणीवेळेला तुम्ही यष्टीला हात टेकून उभे राहिलात आणि चेंडू बदलायला आलेल्या गावच्या मुलाने तुमचा दंड धरला, हे तुम्ही आम्हाला सांगितलेच नाही. मला ते दिवाळीत कर्णधाराच्या बायकोकडून कळले. घाट उतरला की माळव्याची हवा वरच राहते आणि खाली निमाडात फेब्रुवारीतही दुपारचे ऊन मार्चसारखे लागते. त्यात रक्तदाबाची ती गोळी सकाळी घेतलेली, आणि मधेच मैदान सोडून जावे लागू नये म्हणून तुम्ही अकरा ते तीन पाण्याचा घोटही घेत नाही. चाळीस-चाळीस षटकांचे दोन डाव म्हणजे सहा तास उभे राहणे. तरुण पंचही तेवढ्या वेळात खांब शोधतो. डॉक्टरांनाही मी फोनवर हे सगळे सांगितले आहे, आणि ते तुम्हाला काही बोलले तर ती चुगली माझीच आहे, हे आताच सांगून ठेवते.

तुमचे उत्तर मला ठाऊक आहे. सी. के. नायडू साठी उलटल्यावर, 1956-57 च्या हंगामातही रणजी खेळत होते, हे तुम्ही आजोबांकडून ऐकले आणि मी तुमच्याकडून निदान शंभर वेळा ऐकले. पण बाबा, नायडू तेव्हा फलंदाजी करत होते. बाद झाल्यावर त्यांना तंबूत जाऊन बसता येत होते. पंचाला बाद कोण देणार? ते काम या वर्षी माझ्यावर आले आहे, असे समजा.

आणि स्कोअररच्या टेबलाला कमी लेखू नका. माझे लग्न ठरले तेव्हा तुम्ही माझ्या सासऱ्यांना सांगितले होते की ज्या गावाने आमच्या इंदूरच्या होळकर संघाला 577 धावांची भागीदारी दाखवली त्या गावात मुलगी देतो आहोत, तेवढे लक्षात असू द्या. आणि ते म्हणाले होते की त्याच्या आदल्या वर्षीचा अंतिम सामना तुम्ही जिंकला होतात, म्हणून आम्हाला हिशेब चुकता करावा लागला. अजूनही सणावाराला ते मला विचारतात की तुझ्या वडिलांना हजारे 288 आणि गुल महंमद 319 हे आकडे पाठ आहेत ना. 1947 सालच्या त्या सामन्यात होळकर एक डाव आणि 409 धावांनी हरले, हे आज आपण हसत हसत सांगू शकतो, कारण सावलीत बसून कुणीतरी प्रत्येक चेंडू लिहून ठेवला. (हे तुमचेच वाक्य आहे. मी ते तुमच्यावर वापरते आहे, त्याबद्दल क्षमा असावी.)

मी आठ-नऊ वर्षांची असताना तुम्ही मला पहिल्यांदा त्या गावी नेलेत. दादाला ताप होता म्हणून त्याच्या वाट्याची जागा मला मिळाली होती. तेव्हा मैदान म्हणजे शेजारी गहू उभा असलेली काळ्या मातीची पडीक जमीन, मधोमध काथ्याची मॅट. सकाळी चौघे जण ती मॅट ताणून धरायचे आणि वीतभर लांबीचे खिळे ठोकायचे. एक कोपरा जरी सैल राहिला तरी चेंडू नाकावर येतो, असे तुम्ही मला सांगितले होते. सीमारेषा चुन्याची, आणि कडुनिंबाच्या बाजूला ती नव्हतीच: झाडाला चेंडू लागला की चौकार, आणि फांदीवरून पडलेला झेल धरला तरी फलंदाज नाबाद. गावची मुले एरवी टेनिसच्या चेंडूने खेळायची. आपल्या सामन्याच्या दिवशी त्यांच्या हातात लेदरचा चेंडू यायचा, आणि पॅडच्या दोन जोड्या अकरा जणांत फिरायच्या.

त्या दिवशी तुम्ही मला निर्धाव षटक कसे लिहायचे ते शिकवलेत. चौकटीत तीन ठिपके वर, तीन खाली, आणि षटक संपले की ते रेषेने जोडून इंग्रजी एम काढायचा. विकेट पडली असेल तर तेच ठिपके जोडून डब्ल्यू. मला वाटले की हे भरतकामच आहे. मग तुम्ही फलंदाजीला गेलात आणि तिसऱ्या चेंडूवर शून्यावर त्रिफळाचीत झालात, आणि मी पेन्सिल खाली ठेवून रडू लागले, कारण माझ्या हाताने तुमच्या नावापुढे शून्य लिहायचे नव्हते. तुम्ही पॅड बांधलेलेच टेबलापाशी आलात, घामाचा हात माझ्या डोक्यावर ठेवलात आणि म्हणालात, "लिही. जे घडले ते लिहायचे असते." मी लिहिले. ते शून्य अंड्याएवढे मोठे झाले होते, आणि आईने ते पाहून हसत हसत पदर तोंडाला लावला होता.

म्हणून आता पुढचे लिहिते. इथपर्यंत येण्यासाठीच कदाचित एवढे सगळे लिहिले.

दिवाळीत तुम्ही मला गेल्या वर्षीचे स्कोअरबुक बेरजा तपासायला दिले होते. बेरजा जुळल्या: फलंदाजांच्या धावा आणि अवांतर मिळून एकूण तेवढेच, गोलंदाजांच्या खात्यातही बाइज आणि लेग बाइज मिळवल्यावर तेवढेच. पण जेवणानंतरच्या डावात, गाव फलंदाजी करत असताना, तेविसाव्या षटकात पाच चेंडू आहेत आणि एकोणतिसाव्या व चौतिसाव्या षटकांत सात. वाइड नाही, नो-बॉल नाही. सहा ठिपक्यांच्या चौकटीत स्कोअर लिहिणाऱ्या पोराने सातवी खूण कोपऱ्यात कोंबून लिहिलेली आहे. चौतिसाव्यातली ती सातवी खूण विकेटची आहे.

त्या चेंडूवर बाद झालेला मुलगा अठ्ठेचाळीस धावांवर होता, बाबा. तो काही न बोलता निघून गेला. त्यांच्या कर्णधाराच्याही ते लक्षात आले होते, असे आता मला कळले. "साहेबांना कसे सांगायचे" एवढेच तो म्हणाला.

हे वाचून तुम्हाला काय वाटेल ते मी जाणते. म्हणून दोन गोष्टी लगेच सांगते. एक म्हणजे नियम तुमच्या बाजूने आहे. सतरावा नियम म्हणतो की पंचाची मोजणी चुकली तरी त्याने मोजलेले षटक तेच षटक धरायचे, तेव्हा तो मुलगा नियमानुसारच बाद होता. दुसरी म्हणजे आईने दिवाळीनंतर तुमचा पांढरा कोट धुवायला काढला तेव्हा उजवा खिसा उसवलेला होता आणि अस्तरात एक चिंचोका सापडला. चेंडू मोजायला तुम्ही सहा चिंचोके डाव्या खिशातून एकेक करून उजव्यात टाकता, हे मी लहानपणापासून पाहिलेले आहे; उजव्यातला एक अस्तरात गेला असेल तर पुढच्या षटकाला पाचच उरतात. पाच चेंडूंच्या षटकाचा हिशेब असा लागतो. सातांचा मला लावता आला नाही, आणि खूप प्रयत्न करूनही जो लागला नाही तो लागला असे तुम्हाला लिहिणे मला जमणार नाही.

यावर घरात पुन्हा चर्चा करू नये, अशी माझी विनंती आहे. कर्णधाराला मी फक्त उन्हाचे कारण सांगितले आहे, आणि दादालाही तेवढेच.

आई, आता तुझ्याविषयी. पहाटे तीनला उठून पंधरा जणांच्या तिखट-मिठाच्या पुऱ्या तू या वर्षी करणार नाहीस. बसमधल्या मुलांसाठी पोहे बाहेरून घेतले जातील आणि दुपारचे जेवण गावात आहे, दाल आणि पानिये (पानांत भाजलेल्या मक्याच्या भाकऱ्या). तुझ्या पुऱ्यांना तोड नाही, हे क्लबमधला प्रत्येक जण मान्य करतो, आणि म्हणूनच तुला कुणी कधी "नको" म्हटले नाही. लिंबाचे लोणचे मात्र तुझेच हवे, मधल्या बरणीतले. तेही जड बरणी न उचलता वाटीने डब्यात काढून ठेव; वर चढावे लागत असेल तर राहू दे, मी आल्यावर काढू. गावच्या बायका दर वर्षी तुझी चौकशी करतात. या वेळी तू स्वयंपाकघरात शिरायचे नाहीस, ओसरीवर बसून गप्पा मारायच्या.

बाबांसाठी: टोपी काठाची घ्यावी, क्लबची छोटी नको. थर्मास मी आणते आहे. दर दहा षटकांनी मी पेला पुढे करीन आणि तो रिकामा झाल्याशिवाय पुढचे षटक लिहिणार नाही. पंच म्हणून फलंदाजी करणाऱ्या संघातले दोघे आळीपाळीने उभे राहतील. असे पंच स्वतःच्या माणसाला पायचीत देत नाहीत, हे तुमचे म्हणणे मला पाठ आहे. तरीही टेबलावरून ओरडायचे नाही. माझ्या कानात सांगा.

पांढरा कोट आईने कुणालाही देऊ नये आणि कपाटातच ठेवावा. त्याचा खिसा मी आल्यावर शिवून टाकीन. त्या अठ्ठेचाळीसवाल्या मुलासाठी मी इथून बॅटिंगच्या हातमोज्यांची नवी जोडी घेतली आहे. ती तुमच्या हातून द्यायची की माझ्या, ते तुम्ही ठरवा.

मुलांचे आणि यांचे नमस्कार. कळावे, लोभ आहेच.

तुमची,
धाकटी

ता. क. पेन्सिली दोन्हीकडून टोक करून ठेवाव्यात, तुमच्यासारखे टोक माझ्याने अजून होत नाही. आणि चिंचोके बरोबर घ्यावेत. षटक लिहिताना माझाही ठिपका कधी कधी चुकतो, तेव्हा शेजारी कुणीतरी मोजणारे हवे.